घड्याळमामा आणि मिटलेली कळी

वसंत लागला की घड्याळमामा दुकान बायकोवर सोपवून बस डेपोमागच्या उतारावर पालथे पडायचे. डोळ्याला भिंग, नाक गवतात. एकदा एक नवा ड्रायव्हर, म्हातारा चक्कर येऊन पडला असं समजून, पाण्याची बाटली घेऊन धावला. मामा मान न उचलता म्हणाले, "आलात ते बरं झालं. जरा उन्हातून सरका."

तर अशा या मामांना त्या वर्षी उताराच्या कडेला एक कळी दिसली. नखाएवढी, जांभळ्या रेघांची. तसलंच दिसणारं साधं फूल डेपोभर उगवायचं, पण हिचं पान जरा अरुंद होतं. मामांनी लगोलग बागखात्याच्या बाईंना फोन लावला, कारण दुपारी तिथं गवत कापायचं मशीन फिरणार होतं.

बाई आल्या, चिखलात गुडघे टेकून बसल्या.

"दुर्मीळ असेल तर आतल्या केसरांवर लव असते. ती दिसली तर मशीन थांबवते. नाही दिसली तर माझे हात बांधलेले आहेत."

आणि आभाळ होतं गच्च भरलेलं. वारा गार. कळी काही उघडेना. वरच्या अंगाला मशीन घरघरायला लागलं.

"मामा, तुमच्याकडे चिमटा आहे ना? तुमच्यासारखा हात गावात कुणाचा नाही. उघडा हळूच."

मामांनी चिमटा खिशातून काढला, कळीकडे बघितलं आणि परत खिशात ठेवला. "जे मला पुन्हा मिटता येत नाही, ते मी उघडत नाही, बाई. एकच तर आहे."

"मग थांबायचं किती?"

मामांची बायको तेवढ्यात चहाची किटली घेऊन पोचली होती. "ह्यांना वेळ विचारू नका हो. हे घड्याळं दुरुस्त करतात, पाळत नाहीत." मग कळीकडे बघून म्हणाली, "गारठलीय बिचारी." आणि गेली तशीच मागे फिरून. परतली ती दुकानातल्या टेबलघड्याळावरची काचेची घुमटी शालीत गुंडाळून, शेगडीशी धरून कोमट केलेली.

मामांनी दोन्ही हातांनी ती कळीवर अलगद उतरवली. वारा अडला. मशीन जवळ येत होतं, मामांच्या कपाळावर त्या गारठ्यात घाम. बऱ्याच वेळानं एक पाकळी सुटली, मग दुसरी. झोपेतून उठलेलं पोर आळस देतं, तशी.

मामांनी भिंग काढून बाईंच्या हातात दिलं आणि डोळे पुसले. "तुम्ही बघा. मला आता नीट दिसायचं नाही."

बाईंनी घुमटी उचलून बघितलं. पुन्हा बघितलं. मग ओढणी सावरत थेट मशीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"केवढं आहे हो ते फूल?" मशीनवाल्यानं विचारलं.

"नखाएवढं."

"आणि त्यासाठी एवढा उतार सोडायचा?"

"एवढा."

त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरला आणि फूल बघायला निघाला.

"जपून," मामा म्हणाले. "अजून कुठं कुठं आहे, ते बघायचंय."