रविवारची सवत

आमच्या कुंडलात मत्सराचं मैदान भरवलं, तर पहिला नंबर सबाचा येईल आणि तिच्याशी जोड लावायला दुसरं कुणी पुढंच येणार नाही. माझी पिठाची गिरणी तिच्या घराला लागून आहे, त्यामुळं हे मी ऐकीव सांगत नाही. पाटणहून लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिनं सासूच्या हातातला बदाम घोटायचा दांडा काढून घेतला. सासू हाजराबी आपल्या लेकाच्या, यासीन पैलवानाच्या, थंडाईची तयारी करत बसली होती. "हेंचं बदाम आता मी घोटणार," सबा म्हणाली. हाजराबी तशीच उठून माझ्याकडं आली आणि म्हणाली, "चंदनबाला, मी सून आणली का फौजदार?"

सासूचं झालं, मग म्हशीवर आली. यासीन म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत तिच्याशी बोलायचा, ते सबाला खपायचं नाही. "तिला म्हनत्यात, बाई, आज चारा कमी खाल्लास. मला कवा इचारलं का?" मग तालमीवर आली. माणूस पहाटे उठून तालमीत जातो, दुपारी झोपतो, संध्याकाळी परत तालमीत. "काकू, ह्यांचं खरं लगीन मातीशी लागलंय. मी आपली भांडी घासायला." मी हसायचे. खरं सांगायचं तर हसता हसता मलाही जरा जळल्यासारखं व्हायचं. आमच्या ह्यांच्यावरून, पारसरावांच्यावरून, मत्सर करायचा म्हटलं तरी कुणाचा करणार? ते म्हशीशीसुद्धा बोलत नाहीत.

पण खरा वणवा पेटला तो गेल्या वर्षी, दिवाळीनंतर.

यासीनला नोकरी नाही, शेत जेमतेम. कुस्ती हाच त्याचा धंदा. हंगाम सुरू झाला की आज एका गावचं मैदान, उद्या दुसऱ्या गावचं. जो समोरच्याला चीत करून निकाली कुस्ती करतो त्याला पुढच्या मैदानात वरची जोड आणि मोठं इनाम मिळतं. असल्या धंद्यात अंग दुखतंय असं तोंडातून काढायची सोय नसते. डावा खांदा दुखतोय हे समोरच्याला कळलं, की तो पहिला हात तिथंच घालतो. म्हणून पैलवान हसत लंगडतात आणि हसत लुळे होतात. यासीनही असाच. कधीही विचारा, उत्तर एकच, "काय न्हाई, झ्याक हाय."

तर एका रविवारी सकाळी त्याचा फोन वाजला आणि तो फोन घेऊन गोठ्यात गेला. पुढच्या रविवारी त्याच वेळेला परत वाजला, परत गोठ्यात. तिसऱ्या रविवारी सबा कडब्याच्या गंजीमागं जाऊन उभी राहिली. तिथून निघाली ती सरळ माझ्या गिरणीत. दळण चालू होतं, पट्ट्याचा आवाज, त्यात ही ओरडून सांगतेय.

"बाई हाय काकू! बाईचा आवाज हाय, फोन मोठ्यानं लावला व्हता! 'नमस्कार पैलवान' म्हनती. किती गोड म्हनती!"

"अगं, सगळं गावच त्याला पैलवान म्हणतं."

"गाव असं म्हनत न्हाई. आन हे काय सांगत व्हते ठावं हाय? म्हनं डाव्या कुशीवर निजता येत न्हाई. म्हनं सदरा घालताना डोळ्यात पानी येतं. मी शेजारी निजती ओ! मला म्हनतात उकाडा हाय म्हनून झोप न्हाई."

मी गिरणी बंद केली. दळण घेऊन आलेल्या दोघी जणी मात्र जागच्या हलल्या नाहीत, हे मी आता कबूल करते.

मी म्हटलं, त्यालाच विचार. तिनं विचारलं. तो म्हणाला, सांगलीच्या कॉलेजातनं फोन असतो. कुस्ती, कबड्डीवर पोट भरणाऱ्यांना कशी इजा होते, कुठला स्नायू जातो, कुठला सांधा जातो, त्याचा अभ्यास चाललाय. दर आठवड्याला विचारतात. नाव कुठं बाहेर पडत नाही म्हणून आपण सांगतो. एवढं बोलून तो जोर काढायला गेला. सबाला ह्यातलं एकच कळलं. सांगलीत एक बाई आहे, ती दर रविवारी हिच्या नवऱ्याला दुखतंय का विचारते आणि तो तिला खरं सांगतो.

"माझ्या तोंडावर झ्याक हाय, आन तिच्या कानात डोळ्याचं पानी!" असं म्हणून तिनं दोन दिवस स्वयंपाकात मीठ घातलं नाही. यासीननं निमूट खाल्लं. त्याचाही तिला रागच आला.

शेवटी एका मंगळवारी तिनं आपली लहान पोरगी हाजराबीकडं ठेवली आणि सांगलीची एसटी धरली. मी बरोबर गेले. का गेले विचाराल, तर भांडण बघायला गेले. सबा वाटेत पलूस येईपर्यंत शिव्या ठरवत होती आणि मी त्यात भर घालत होते.

कॉलेजात विचारत विचारत आम्ही एका खोलीत पोचलो. टेबलावर खांद्याच्या हाडांचा प्लॅस्टिकचा सांगाडा आणि त्यामागं चष्म्यातली एक बारकी मुलगी डब्यातली पोळीभाजी खात बसलेली. दीपाली मॅडम म्हणजे तीच. तिनं "या, बसा" म्हटल्याबरोबर सबानं माझा हात दाबला. आवाज तोच होता.

"माझ्या नवऱ्याला दर रविवारी फोन कशापायी करता?" सबा उभ्यानंच म्हणाली. "आन पैलवान काय म्हनून म्हनता?"

मुलीचा घास हातात राहिला. तिनं नाव विचारलं, मग तिला उलगडा झाला आणि ती हसली. हसली नसती तर बरं झालं असतं. "ताई, मी फोन करत नाही हो. कॉम्प्युटर करतो. मी एकदाच बोलून ठेवलंय, ते सगळ्या पैलवानांना एकाच वेळी जातं. ऐका."

तिनं बटण दाबलं. तिचाच आवाज भिंतीजवळच्या डब्यातून आला. नमस्कार पैलवान. गेल्या सात दिवसांत सराव करताना दुखलं का? किती दुखलं, शून्य ते दहामध्ये सांगा. दुखण्यामुळं सराव कमी करावा लागला का? आणखी काही सांगायचं असेल तर बीपनंतर बोला. मग बीप, आणि पुढं काहीच नाही.

"पलीकडं कुनीच नसतं?" सबानं विचारलं.

"कुणीच नसतं."

"मग त्यो बोलतो कुनाशी?"

पैलवान समोर बसवून विचारलं की शून्य सांगतात, दीपाली मॅडम म्हणाली, यंत्राला बरंच खरं सांगतात, म्हणून असं केलं. सबानं मग खालच्या आवाजात विचारलं, "काय काय सांगितलंय त्येनं?"

"ते मला सांगता येणार नाही, ताई. तसा शब्द दिलाय आम्ही. मी स्वतः त्यांना तालमीच्या पत्त्यावर दोनदा पत्र पाठवलंय, येऊन खांदा दाखवा म्हणून. ते येत नाहीत."

"मी बायको हाय त्याची."

"म्हणूनच नाही सांगता येत."

मला वाटलं, संपलं. बाई नाही म्हटल्यावर सवतही नाही. येताना मी एसटीत शेंगा घेतल्या आणि तिची चेष्टा करत बसले. सबा खिडकीतून बाहेर बघत होती. तासगाव मागं पडलं. मग म्हणाली, "काकू, बाई असती तर बरं झालं असतं."

"काय बोलतेस हे?"

"बाईच्या झिंज्या धरता येत्यात. हिला काय धरू? माझ्यापरीस डबा बरा वाटला त्याला."

मी शेंगांची पुडी बांधून पिशवीत टाकली.

त्या संध्याकाळी तिनं यासीनला धरलंच. मशीनला सांगता आणि मला का नाही? आणि यासीन, जो कधी चार शब्दांच्या वर बोलत नाही, तो बोलला. "मशीन ऐकून घेतं आन गप बसतं. तुला सांगितलं की तू रडनार. आई रोजं धरनार. मग तू दळन घेऊन जानार, आन गिरनीत कळलं की तासगावपातूर कळलं. पुढल्या महिन्यात मैदान हाय माझं."

हे वाक्य मला पुढं कळलं तेव्हा मी चार दिवस त्यांच्या घरावरून मान वळवून जात होते. माझ्या गिरणीचं नाव काढायची त्याला काय गरज होती? पण माणूस चुकीचं बोलला नव्हता.

त्यानंतर सबा गिरणीत यायची, डबा ठेवायची, पीठ घेऊन जायची. मी विचारलं, "काय गं, सांगलीवालीचं काय?" तर म्हणे, "काय न्हाई, झ्याक हाय." नवऱ्याचंच उत्तर. मला फार लागलं. इतकी वर्षं माझ्याजवळ मन मोकळं करणारी बाई, आणि आता मलाच परकं केलं. मी मत्सर म्हणून हसत होते ना तिला? तेव्हा कळलं तो कसा असतो ते.

पुढचं मला तिनं कित्येक महिन्यांनी सांगितलं. तोवर यासीननं ते मैदान सोडलं होतं, सांगलीला जाऊन खांदा दाखवला होता, फाटलेला स्नायू शिवून घेतला होता आणि तालमीत पोरांना डाव शिकवायला लागला होता. हे लिहू का म्हणून मी त्याला विचारलं. म्हणाला, "लिवा की काकू. तसंबी तुमी सांगितलंच आसंल."

सांगलीहून आल्यानंतरच्या रविवारची गोष्ट. फोन वाजायच्या आधीच सबा गोठ्यात गेली. यासीन धार काढत होता. ती म्हशीच्या पलीकडं जाऊन खाली बसली, म्हणजे त्याला तिचं तोंड दिसणार नाही आणि तिला त्याचं. आणि तिनं विचारलं, आवाजात काही न आणता, "गेल्या सात दिवसांत दुखलं का?"

तो हसला. ती हसली नाही. तिनं परत तेच विचारलं.

"दुखलं," तो म्हणाला.

"किती? शून्य ते धा."

"आठ."

सबा मला म्हणाली, तेव्हा तिनं पदराचा बोळा करून दातांत धरला. रडली असती तर तो तिथंच थांबला असता. बोळा काढून तिनं तिसरा प्रश्न विचारला. त्यानं सांगितलं, डाव्या हातानं एकही डाव धड बसत नाही, उजव्यानं निभावून नेतोय. दुधाची धार बादलीत वाजत होती. मग ती म्हणाली, आणखी काय सांगायचं असेल तर सांगा.

धार थांबली. यासीननं बादली बाजूला सरकवली. मग म्हणाला, "ईदच्या दिवशी पोरीला उचललं तवा हात सुटला. उजव्यानं झेलली म्हनून वाचली. तवापास्नं मी तिला उचलत न्हाई. ती हात वर करून येती आन मी दुसरीकडं बघतो."

सबाला ते माहीत होतं. म्हणजे तो पोरीला घेत नाही हे तिला दिसत होतं, आणि त्यावरून ती त्याला कितीदा टाकून बोलली होती. बाप झालात पन माया न्हाई, असंसुद्धा. मग राहवलं नाही म्हणून तिनं एक प्रश्न विचारला, जो दीपाली मॅडमच्या यादीत नव्हता.

"हे तिकडं सांगितलंय?"

"न्हाई," यासीन म्हणाला. "हे कुनालाच न्हाई."

इथवर सांगून सबा माझ्या गिरणीत पिठाच्या डब्यावर हात ठेवून उभी राहिली. बाहेर कुणी नाही ना हे बघून घेतलं.

"काकू, माझ्या नवऱ्याचा हात कामातनं गेला व्हता. आन 'कुनालाच न्हाई' म्हनले तवा मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की लगीन ठरलं तवाबी तसं वाटलं नव्हतं. रडले मी. पन ते नंतर."