शे आणि आहे

जळगावच्या मोठ्या शाळेत उभी नोकरी मी पोरांच्या वह्यांमधल्या अहिराणी ‘शे’वर लाल रेघ मारण्यात घालवली. ‘आहे’ लिही, ‘शे’ नाही! शुद्धलेखनात माझा दरारा होता आणि तो मला आवडायचा, खोटं कशाला बोलू? निवृत्तीनंतर नरडाण्याजवळच्या एका चिमुकल्या शाळेत मराठी शिकवायला गेलो. नापास झालेली, मध्येच शाळा सुटलेली मुलं तिथून दहावीला बसत. दोन खोल्या, दारात निंब आणि सगळा कारभार अक्कांचा.

अक्कांनी आधी हजेरीपट दाखवला. नावापुढे मातृभाषा होती, मुलांनी स्वतः सांगितलेली: अहिराणी, भिली, मारवाडी, कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांची हिंदी. जळगावला आमच्या शाळेत सगळ्यांपुढे डोळे मिटून ‘मराठी’ लिहीत. ‘नापासांची खिचडी,’ मी मनात म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

त्यात एक मुलगी होती. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, पण मराठीत दोनदा गचकलेली. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, “सर, बा म्हने, हाई शेवटनी बारी शे.” म्हणजे यंदा गेली की शिक्षण संपलं.

सराव परीक्षेत मी सवयीने तिचे सगळे ‘शे’ खोडले आणि तिला नापास केलं. अक्कांनी पेपर मागून घेतला, नीट वाचला.

“सर, उत्तर चुकनं का?”

नव्हतं चुकलं. धडा तिला माझ्या जळगावच्या हुशार पोरांपेक्षा जास्त कळला होता.

“मंग तिले रस्ता दाखाडा. रेघा काय मारतस?”

मला राग आला, पण बाईंचं खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून पहिला तास बदलला. प्रत्येकाने घरचं एक वाक्य सांगायचं. ते फळ्यावर डावीकडे, तेच पेपरात लिहायच्या मराठीत उजवीकडे. डावीकडचं पुसायचं नाही, ही अक्कांची अट. मारवाडी दुकानदाराचा मुलगा भिली बोलायला लागला. माझी अहिराणी ऐकून तर वर्ग लोळायचा. ती मुलगी मात्र दोन्ही बाजू उतरवून घेई, एक दिवस चुकली नाही. इतक्या वर्षांत मी लाल शाईने जे करू शकलो नाही, ते अक्कांनी एका खडूने केलं.

निकालाच्या दिवशी तिने मोबाईल माझ्या हातात दिला, तिला बघवेना. बाप दारात उभा होता. मी चष्मा पुसला, आकडे दोनदा वाचले आणि ओरडलोच, “पास शे! मराठीत पास शे! बठ्ठा विषयमा, सगळ्या विषयांत पास शे!”

बाप तिथेच पायरीवर बसला. पोरगी रडत होती. नाक पुसत माझ्याकडे बघून म्हणाली, “सर, पेपरात ‘आहे’ लिहायचं.”