शालिग्राम नानांची टकटक

जळगावात आमच्या गल्लीत शालिग्राम नानांच्या घरी कुठलीही वस्तू आली की ती आधी उघडली जाई आणि मग वापरली जाई. पंखा, मिक्सर, जावयाने दिलेलं भिंतीवरचं घड्याळ. उघडल्यानंतर त्यातल्या बऱ्याच वस्तू वापरायच्या राहूनच जात, ती गोष्ट वेगळी. नाना डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होते. आयुष्यभर एका जागी उभं राहून दुसऱ्याच्या मालाचं वजन सांगायचं. त्यामुळेच असेल, पण ज्यात काहीतरी गरगरतं किंवा वरखाली होतं, अशा प्रत्येक गोष्टीची त्यांना भारी ओढ.

ते निवृत्त झाले तेव्हा मिलच्या मालकांनी शाल दिली, नारळ दिला आणि मोटार दिली. हे ऐकून मालक फार उदार वाटतात. मोटार जपानी होती, मालकांच्या मेव्हण्याने हौसेने मुंबईहून आणलेली, आणि तुरीच्या पोत्यांमागे कित्येक वर्षं उभी होती. जळगावातला मेकॅनिक तिला लांबूनच नमस्कार करी. तिच्या पाठीवर इंग्रजीत 'टर्बो' असं लिहिलेलं होतं. नाना बाकीची गाडी आठवड्यातून एकदा पुसत, ती अक्षरं मात्र रोज.

गाडी चाले. झोकात चाले. फक्त इंजिनातून टकटक आवाज येई. कोणीतरी आत बसून धीराने दार ठोठावतंय, असा.

आता गाडीवाचून नानांचं काही अडलं होतं असं नाही. पण भडगावला त्यांची थोरली बहीण होती, धुरपदाबाई, नानांची अक्का. आई लवकर गेल्यामुळे नानांना तिनेच वाढवलेलं. तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती एस.टी.च्या पायऱ्या चढू शकत नव्हती. त्यात डॉक्टरांनी तिचं हृदयही आता थकल्याचं सांगितलेलं. श्रावणातल्या एका रविवारी नानांच्या घरी कानबाई देवी बसे, म्हणजे अक्काच्या माहेरची कानबाई. तिला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढं एकच अक्काच्या मनात उरलं होतं. मोटार मिळाली तेव्हा नानांनी पहिला निरोप भडगावला धाडला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते गाडी घेऊन गेलेसुद्धा. अक्का नवं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर तयार बसली होती. पण टकटक गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आली आणि लोक जमले. अक्काचा मुलगा सुकदेव सगळ्यांसमोर म्हणाला, "मामा, गाडी आणली का शिलाई मशीन?" गल्ली हसली. सुकदेवच्या मनात काही वाकडं नव्हतं, तो सगळ्यांनाच असं बोलतो. पण नानांच्या ते जिव्हारी लागलं. त्यांनी अक्काला खुणेने समजावलं की आवाज घालवून कानबाईच्या सणाला तुला न्यायला येतो, आणि ते रिकाम्या गाडीने परत आले.

खुणेने, कारण अक्काला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं.

हे नानांच्या बायकोने, बेबाबाईंनी, त्याच दिवशी बोलून दाखवलं. "अक्काले कोठे ऐकू येस? वाजू द्या ना. वाजत वाजत आणा तिले."

"तिले नही येस," नाना म्हणाले, "बठ्ठी गल्लीले येस."

मग संशोधन सुरू झालं. अजिंठा रोडवरच्या गॅरेजचा बन्सीलाल नानांचा जुना दोस्त. त्याने इंजिनावरचं झाकण काढलं, झडपा दाबणाऱ्या टॅपेटची फट कमी-जास्त करायचा स्क्रू शोधला, मागून शोधला, पुढून शोधला, आणि झाकण परत लावलं. स्क्रू नव्हताच. या गाडीचे टॅपेट तेलावर चालणारे होते. आतल्या तेलाच्या दाबाने ते आपली फट आपणच भरून काढतात, माणसाने हात लावायचा नाही. टर्बोच्या उष्णतेने जुनं तेल करपलं, त्याची काजळी टॅपेटच्या बारीक भोकात बसली, तेल आत जाईना आणि टॅपेट वाजू लागले. बन्सीलालचं म्हणणं असं पडलं की वाजतंय तोवर चालतंय, झोपलेल्याला उठवू नका. नानांनी यातलं फक्त निदान घेतलं, उपचार स्वतः करायचं ठरवलं.

मिलची डाळ घेऊन मुंबईला जाणाऱ्या ड्रायव्हरकरवी नवे टॅपेट आले. कानबाईच्या आदल्या शुक्रवारी नानांनी अंगणात इंजिन उघडलं. पट्टा उतरवला, टॅपेटवरचे फिरते दांडे काढले, जुने टॅपेट एकेक करून ओढून काढले आणि दारावरून चाललेल्या भंगारवाल्याच्या गाडीत टाकले. घरात राहिले तर पुन्हा लावायचा मोह होईल, असं त्यांचं म्हणणं. नव्या टॅपेटना बसवण्याआधी रात्रभर स्वच्छ तेलात बुडवून ठेवायचं असतं. आत धुळीचा कणही जाता कामा नये. घरात सगळ्यात स्वच्छ जागा कोणती? नानांनी स्टीलच्या डब्यात तेल ओतलं, सोळाच्या सोळा टॅपेट त्यात सोडले आणि डबा देवघराच्या फडताळात नेऊन ठेवला.

इथे हे सांगायला हवं की हे टॅपेट दिसायला छोट्या पालथ्या वाटीसारखे असतात, आणि नवे असताना काळपट.

शनिवारी सकाळी नाना पाना आणायला बन्सीलालकडे गेले. बोल्ट ठरावीक ताकदीनेच आवळायचा तो पाना त्याच्याकडे एकच होता आणि तो त्याने जामनेरला कोणाला तरी दिलेला. नाना एस.टी.ने जामनेरला गेले. ज्याच्याकडे पाना होता तो बाजार समितीत, त्याच्या घराला कुलूप. नाना त्याच्या ओट्यावर बसून राहिले. पाना घेऊन परतले तेव्हा दिवे लागले होते.

आणि शनिवार म्हणजे कानबाईचा आदला दिवस. त्या दिवशी खान्देशातल्या घरात एकही भांडं न घासलेलं राहत नाही. गावाकडून जावा-भावजया येतात, भिंतींना रंग लागतो, वर्षभर वापरलेलं आणि न वापरलेलं सगळं अंगणात येतं. बेबाबाईंची भावजय वच्छलाबाई या कामात पटाईत. फडताळ तिच्या वाट्याला आलं होतं. तिला डब्यात सोळा वाट्या सापडल्या, काळ्या, तेलकट, आणि त्याही देवघरात. देवीच्या भांड्यांची ही दशा पाहून तिला बेबाबाईंची लाज वाटली, पण ती बिचारी काही बोलली नाही. तिने चिंच लावली, राख लावली, नारळाच्या शेंडीने आतून-बाहेरून घासलं, उन्हात वाळवलं. संध्याकाळी चौरंग मांडला गेला तेव्हा त्या वाट्या त्याच्याभोवती ओळीने मांडल्या, प्रत्येकीत साखरेचे दाणे ठेवले आणि प्रत्येकीला हळदकुंकू लावलं.

नाना पाना हातात धरून उंबऱ्यात उभे राहिले. वच्छलाबाईने आनंदाने सांगितलं, "कानबाईन्या वाट्या काळ्या पडेल व्हत्यात, नाना. घासी टाक्यात."

टॅपेट खरोखरच चांदीसारखे चमकत होते. जपानमध्ये ज्यांनी ते घडवले त्यांनीही त्यांना इतकं सुंदर पाहिलं नसेल.

आता एकदा देवीच्या चौरंगाभोवती मांडलेलं, कुंकू लागलेलं भांडं सोमवारी विसर्जन होईपर्यंत हलवायचं नसतं. नानांनी बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाईंनी चौरंगाकडे पाहिलं. हलवायचं नाही म्हणजे नाही, यावर दोघांचं एका शब्दावाचून एकमत झालं. अंगणात गाडी पोट उघडं टाकून पडली होती. जुने टॅपेट भंगारात गेले होते. नाना तसेच भाड्याची जीप शोधायला निघाले, पण कानबाईच्या रविवारी सगळ्यांनाच कोणाला ना कोणाला आणायचं असतं. शहरातली प्रत्येक जीप आधीच ठरलेली होती.

रविवारी कानबाई बसली. गाणी झाली, आरत्या झाल्या. नाना चौरंगासमोर बसून होते आणि लोकांना वाटलं, निवृत्तीनंतर माणूस भाविक झाला. त्यांची नजर कुठे होती ते मला दिसत होतं. भडगावला अक्का सकाळपासून लुगडं नेसून ओट्यावर बसली होती, हे नंतर सुकदेवकडून कळलं. संध्याकाळी तिनेच पिशवीतलं सामान काढून परत जागेवर ठेवलं.

सोमवारी विसर्जन झाल्यावर नानांनी टॅपेट घासलेटात धुतले, फुंकले, पुन्हा धुतले. बन्सीलाल म्हणाला की राख एकदा त्या भोकात गेली की ती तिथलीच. तरी पाना वापरून, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे नानांनी सगळं बसवलं. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. आधी तिच्यात एकटा तांबट होता, आता आख्खी तांबट गल्ली कामाला लागली होती.

वच्छलाबाईला कोणीही काही बोललं नाही. पुढच्या वर्षी ती वाट्या शोधेल, एवढीच सगळ्यांना धास्ती.

नाना तीन-चार दिवस गाडीच्या बाजूला फिरकले नाहीत. मग सुकदेवचा फोन आला. अक्का अंथरुणाला खिळली होती. नानांनी किल्ली घेतली. मी शेजारी बसलो. वाटेतल्या गावांमधून लोक वळून पाहत होते, ढोरं बाजूला होत होती. नानांनी एकदाही बॉनेटकडे कान दिला नाही. गल्लीत शिरलो तेव्हा सगळी दारं उघडली. सुकदेव ओट्यावर आला. या वेळी तो काही म्हणाला नाही. त्याने काहीतरी म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

डॉक्टरांनी तिला हलवायला मनाई केली होती. गाडीत बसवणं सोडाच, उठवून बसवणंही होण्यासारखं नव्हतं. पण मोटार आल्याचं तिला खुणेने सांगितलं, तेव्हा तिने हट्टच धरला. चौघांनी बाज उचलून दारापर्यंत आणली. नानांनी गाडी ओट्याला भिडवली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरले. टकटकीने ओट्यावरचा तांब्या हळूहळू सरकत होता. अक्काने गाडीकडे खूप वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. मग ती भावाकडे वळली.

"चालू कर ना, भाऊ."

नाना तिच्या बाजेच्या कडेला टेकले. तिचा हात त्यांनी हातात घेतला आणि तिला ऐकू येत नाही हे माहीत असूनही हळू आवाजात सांगितलं, "चालूच शे, अक्का."

ती वाट पाहत राहिली.