बाहेरची पुस्तकं

कुडव्यातल्या माझ्या डीटीपीच्या दुकानात रद्दी साचली की ती न्यायला माणूस येतो. किस्से साचले तर कोणी येत नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. थकलोय मी आता!

आमच्या भागात एक चित्तशोधन केंद्र आहे. एक कोर्स केला की मन साफ होतं, आणि मग पुढचा कोर्स लागतो. तिथून जो बाहेर पडतो, तो काही दिवस गप्प बसतो आणि मग केंद्रावर पुस्तक लिहून माझ्याकडे येतो. केंद्रवाले अशा पुस्तकांना ‘बाहेरची पुस्तकं’ म्हणतात.

पहिले आले बिसेन सर, रिटायर्ड मास्तर. प्रूफं घेऊन निघाले ते थेट केंद्रात, मंजुरीला!

“सर, केंद्राच्या विरोधातलं पुस्तक केंद्रालेच कायले दाखवलं?”

“अरे, सवय! इतक्या वर्षांत मंजुरीशिवाय एक ओळ लिवली नाही मी.”

केंद्रानं अख्खं तिसरं प्रकरण कापलं होतं. सर म्हणाले, “तसं ते लांबलंच होतं.”

मग राहांगडाले भाऊ. धानाची शेती सांभाळून त्यांनी केंद्राचे गुरुजी कसे ढोंगी आहेत ते लिहिलं. पण प्रूफ हातात घेण्याआधी दर वेळी दुकानाबाहेरच्या ड्रमवर जाऊन हात धुवायचे. केंद्राचा नेमच तसा. गुरुजींचं पुस्तक हात धुऊनच उचलायचं. बाहेरचं पुस्तक म्हणजे उष्टं, त्याला उघडा हात लावायचा नाही.

“भाऊ, यात तुम्ही त्यायले शिव्या देऊन राहिले. मग हात काऊन धुता?”

“ढोंगी तं आहेच तो. पण नाव तं त्याचंच आहे ना आत!”

माझं पाणी दुपारीच संपायचं.

दोन पुस्तकं झाली आणि भांडण लागलं. बिसेन सरांना कव्हरवर ‘एकमेव अधिकृत स्वतंत्र पुस्तक’ असं हवं होतं. राहांगडाले भडकले. सर शांतपणे म्हणाले, “त्यानं आधी मले दाखवाले पाहिजे होतं. मी मंजुरी दिली असती.”

बाहेर पडले होते म्हणे!

राहांगडाल्यांची सगळी पुस्तकं एका सकाळी खपली. “वाचक तुटून पडले ना बाप्पा!” म्हणत त्यांनी मला पेढे दिले. घेणारा एकच होता, केंद्राचा सेवक. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून त्यानं गठ्ठा उचलला होता, रद्दीत घालायला. मी सांगितलं नाही. पेढा तेवढा खाल्ला.

शेवटी दवनीवाड्याच्या शालूताई आल्या. त्यांचं पुस्तक सगळ्यांत पातळ. मुलाला, निलेशला, त्यांनीच बोट धरून केंद्रात नेलं होतं. त्या बाहेर पडल्या, तो आतच राहिला. बाहेर पडलेल्याशी आतल्यानं बोलायचं नाही, मग ती आई का असेना.

“मले लय लोकं नाही पाहिजे वाचाले,” त्या म्हणाल्या. “त्यानं एकट्यानं वाचलं तं बस्स.”

मला फार वाईट वाटलं. आतल्या माणसानं यातलं एकही पुस्तक उघडलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुस्तकं छापून आली त्या दिवशी ताई दुकानात स्टुलावर बसल्या होत्या. दारात मोटरसायकल थांबली. केंद्राचा पांढरा सदरा घातलेला निलेश! त्याला मुद्दाम पाठवलं की त्यानं हे काम मागून घेतलं, मला माहीत नाही.

आईकडे न बघता तो मला म्हणाला, “दवनीवाड्याच्या बाईचे पुस्तकं आले म्हणे. सगळे द्या.”

मी गठ्ठा दाखवला. मनात म्हटलं, गेलं हेही रद्दीत.

त्यानं हातावर पिशवी चढवली. वाकला. थांबला. मग पिशवी काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन ड्रमवर हात धुवायला लागला. चांगले कोपरापर्यंत.

तो आत आला तेव्हा मी फडकं शोधत होतो. शालूताईंनी पदर पुढे केला.

त्यानं हात पुसले, गठ्ठा उचलला आणि गाडीला किक मारली.