गेनूच्या डोक्यावरचं घमेलं

मंडळी, आज मन थकलंय.

सकाळी पारनेरच्या एसटी स्टँडवर गेनू भेटला. बहात्तरच्या दुष्काळात तलावाच्या कामावर आमची जोडी होती. मी माती खणायचो, तो वाहायचा.

एकदा ओव्हरसिअरनं विचारलं, "लिहितावाचता कोणाला येतं? मोजमापाला माणूस पाहिजे." मी लगेच हात वर केला. त्यावर जन्मभर सरकारी नोकरी झाली. संधी ओळखता आली पाहिजे, हे मी पोरांना कायम ऐकवत आलो.

आज गेनूलाही ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "सातवी मी बी पास हुतो. पन तवा दोन्ही हात डोईवरच्या घमेल्याला हुते. तूच भरून दिल्तं."

तुमचा हात वर गेला, तेव्हा शेजाऱ्याच्या डोक्यावर काय होतं, पाहिलंत कधी?