गावभर माफी, घर सोडून

हजला निघायच्या आधी माणसाने दारोदार जाऊन माफी मागायची, ही आमच्याकडची रीत. "कधी काय कमीजास्त बोललो असेन, मन दुखावलं असेल, तर माफ करा." समोरचाही "माफ केलं, आमच्यासाठी दुवा मागा" म्हणतो, चहा देतो, झालं. अब्बांनी रोह्यातली आमची अख्खी आळी पालथी घातली. शेजारचे मास्तर, धाटावच्या कंपनीतले जुने सोबती, ज्या मासळीवालीशी रोज हुज्जत घालायचे तीसुद्धा सुटली नाही. मग एसटी पकडून पेणला माझ्याकडे आले.

मी तापट बाई. माझ्या जिभेला हाड नाही, हे सासरी पहिल्याच महिन्यात सगळ्यांना कळलं. अब्बांनी माझ्यासमोर हात जोडले आणि तेच पाठ झालेलं वाक्य म्हणाले. मी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला नि विचारलं, "अम्मीची मागितलीत?"

"तिची काय मागायची? ती घरचीच हाय."

माझं डोकंच सणकलं. घरचीच म्हणे!

मी बारा वर्षांची होते तेव्हा अब्बा प्यायचे. पहिली शिफ्ट सुटली की धाटावहून येताना वाटेत कुठेतरी बसायचे, आणि शिवाय घरी तांदळाच्या डब्यात बाटली असायची. एका दुपारी अम्मीने ती मोरीत ओतून टाकली. अब्बांनी तिच्या डाव्या कानाखाली अशी लगावली की ती भिंतीवर आदळली. मी दारातच उभी होते. दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "मला काय आठवत नाय." अम्मीने शेजारणींना सांगितलं, मोरीत पाय घसरला. महिन्याभराने पेणच्या डॉक्टरने सांगितलं की पडदा फाटलाय, फार उशीर केलात. तो कान गेला तो गेलाच.

"नशेत व्हते गो, शुद्ध नव्हती त्यांना," हे अम्मीचं पालुपद. त्या एका वाक्यावर मीही अब्बांना कसंबसं माफ केलं होतं. पुढे त्यांनी दारू सोडली, नमाजला लागले, माझ्या पोरांवर जीव टाकू लागले. पण त्या दुपारचा विषय निघाला की, "मला काय ठाऊक नाय."

"उठा," मी म्हटलं. "आत्ताच रोह्याला जायचं."

एसटी नागोठण्याला थांबली. मग तेच म्हणाले, "ज्याला शुद्धच नव्हती त्याचा गुन्हा कसला? मौलानांना विचार हवं तर." बरं, विचारू. असरची, दुपार कलल्यावरची नमाज सुटली तशी मी त्यांना मौलानांच्या दारात उभं केलं.

मौलानांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दवा समजून प्यालात? कुणी जबरदस्तीने पाजली?"

"नाय."

"म्हणजे शुद्ध तुम्ही आपल्या हाताने घालवलीत. मग नशेत जे केलं ते तुमच्याच माथी. बहुतेक आलिमांचं, धर्म जाणणाऱ्यांचं, हेच म्हणणं आहे. आणि हा बीबीचा हक्क आहे. अल्लाह आपला हक्क माफ करील, तिचा तिनेच करायचा. तिला विचारल्याशिवाय जाऊ नका."

घरी अम्मी पडवीत बसून अब्बांच्या हजला नेसायच्या इहरामच्या पांढऱ्या चादरींची घडी घालत होती. अब्बा तिच्या शेजारी बसले. गुडघे चोळले. मग म्हणाले, "त्या दुपारी मी तुला मारलं. नशेत व्हतो, शुद्ध नव्हती. माफ कर."

अम्मीने घडी पुरी केली.

"शुद्ध व्हती," ती म्हणाली.

तिने दुसरी चादर मांडीवर घेतली.

"कान गेलाय हे मलाच महिनाभर कळलं नव्हतं. वाटायचं आतून सूज हाय, उतरेल. कुणाला बोलले नाय. पण दुसऱ्या सकाळी तुम्ही चहा मागायला डाव्या अंगाने आलात, थबकलात, वळसा घालून उजव्या अंगाला येऊन बोललात. तवापासून उजवीकडेच बसता. ज्याला आठवत नाय, तो कशाला वळसा घालील?"

आताही ते तिच्या उजव्या बाजूलाच बसले होते.

"आठवतं," अब्बा म्हणाले. मान वर केली नाही.

एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण मला राग आला तो अम्मीचा. "तुला ठाऊक होतं, मग मला का सांगत राहिलीस शुद्ध नव्हती म्हणून?"

"तुला बाप नको व्हता काय गो?"

मी पदर तोंडात कोंबून रडले.

"मग माफ केलंस?" अब्बांनी विचारलं.

"नशेतल्याला कवाच केलं. पण जो सकाळी वळसा घालून आला नि गप्प ऱ्हायला, त्याला नाय जमत. जमलं तर सांगेन."

चौथ्या दिवशी अब्बा निघाले. गळ्यात हार, निरोपाला आळी लोटलेली, जो तो गळाभेट घेत होता. अम्मीने डब्यात नानखटाई भरून दिली, बॅगेची चेन स्वतः लावली, गोळ्या कुठल्या खिशात आहेत ते दोनदा सांगितलं. गाडीचं दार धरून अब्बा तिच्याकडे बघत थांबले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा पाय निघत नाही.

"सांभाळून जा," अम्मी म्हणाली आणि आत गेली. अख्ख्या आळीने माफ केलेला माझा बाप रडत गाडीत बसला.