साहेबाच्या तसबिरीशेजारचे बूट

तेलाची विहीर खोदताना कोण मेलं, हे तुम्ही कधी विचारलंत का? रॉकेलचा वास आला की मला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला लोणंदच्या तेलडेपोतला कार्यक्रम आठवतो. देशातल्या पहिल्या तेलविहिरीच्या स्मरणार्थ तेलकंपनीच्या एजंटाने ती खोदवणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या तसबिरीला हार घातला, तोच आमच्या शेजारच्या काकूंनी तेलाने काळवंडलेले बूट तसबिरीशेजारी टेबलावर ठेवले. “आवं, माझं धनी आसामात तेलाची हीर खोदताना गेलं. त्यास्नी बी हार घाला.” एजंट हमालांवर ओरडला, “उचला ती खेटरं!” एकही हमाल हलला नाही. “तुमीच उचला की, शेठ!” एक जण म्हणाला आणि सगळे हसले. काकूंनी तसबिरीवरचा हार काढून शांतपणे बुटांवर ठेवला. तुमच्याही गावचा कोणी तसा गेला असेल, तर त्याचं नाव आजच चावडीच्या भिंतीवर लिहा आणि कोणालाही पुसू देऊ नका.